नटराजच्या तळहाताआड

"अप्पा, ही चटई मी पापनाशमला नेऊ की तिथं सासूबाई देतील? मी त्यांच्याजवळच निजायचं ना?"

सरोजानं हे विचारलं सकाळी साडेसातला, गुंडाळलेली चटई दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि विचारून उत्तरासाठी ती थांबलीसुद्धा. हनुमंतरावांची कॉफी ओठांशी जाता जाता राहिली. लग्नाला एकोणीस दिवस होते. पोरीला विसावं सरलं होतं, एसएसएलसीच्या परीक्षेत चांगले मार्क होते, वीणेवर हात बसलेला होता, चार पाहुणे अचानक आले तर कुणाला न विचारता स्वयंपाक करून वाढत होती. आणि तिची समजूत अशी की लग्न म्हणजे आत्याच्या चटईशेजारची आपली चटई उचलायची आणि सासूच्या चटईशेजारी नेऊन टाकायची. तिचा तरी काय दोष! आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची. तेव्हापासून ती चंद्रमती आत्याच्या कुशीत वाढली. आत्याला सिनेमा चालत नसे म्हणून सिनेमा नाही, आणि मैत्रिणी आल्या की आत्या तांदळाचं सूप घेऊन मधोमध बसे, म्हणून कुजबुजही नाही. "बघू गं, सांगतो," असं काहीतरी हनुमंतराव पुटपुटले आणि चपला घालून बाहेर पडले. तंजावरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीतून ते रोज ऑफिसला जात, आजही गेले, पण आज कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं केलेला नमस्कार त्यांना दिसला नाही.

आता गंमत बघा, आणि गंमत म्हणावी की देवाची थट्टा, तुम्हीच ठरवा. हे हनुमंतराव सरकारी कुटुंबनियोजन खात्याचे जिल्ह्याचे प्रचारक होते. सहा वर्षं ते खात्याच्या व्हॅनमध्ये बसून ओरत्तनाडु, पापनाशम आणि मधली सगळी भातशेतीची गावं पालथी घालत होते. व्हॅनमध्ये प्रोजेक्टर, पडदा, जनरेटर आणि नटराज नावाचा ऑपरेटर. पडद्यावर चित्र हले आणि बाजूला माईक धरून हनुमंतराव तमिळमध्ये बोलत. 'ताय्मार्गळे', म्हणजे आयांनो, अशी सुरुवात झाली की चटयांवर बसलेल्या दोनशे बायका गप्प होत. गर्भाशय, पाळी, नवरा-बायकोचा संबंध, लूप, ऑपरेशन. जो शब्द उच्चारताना डॉक्टरांचीही जीभ अडखळे तो हनुमंतराव भाताचा भाव सांगावा तसा सांगत. ऑफिसातले लोक चेष्टा करत, "नाव हनुमंत आणि धंदा पाहा!" तेही हसत. अहो, दहा हजार बायकांना या माणसानं सांगितलं असेल. आणि घरात एक पोर चटई घेऊन उभी राहिली तर त्याच्या तोंडून फुटलं काय, तर "बघू गं".

ऑफिसात फाइल पुढ्यात ओढून ते शब्द शोधत बसले. तमिळ शब्द रांगेत उभे होते, इंग्रजीही होते, पण सरोजाशी ते जन्मात कधी तमिळ बोलले नव्हते. दारापाशी भाजीवाली आली की तमिळ, शाळेत तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आणि ही मराठी त्यांना आली कुणाकडून? आईकडून, आजीकडून, थोरल्या बहिणीकडून, म्हणजे चंद्रमती अक्काकडून. पाट मांडा, ताक घे, पाय धुऊन ये, देवाला नमस्कार कर, ताप आहे का बघू. दोनशे-तीनशे वर्षं ती भाषा या परक्या मुलखात स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्येच फिरली. बाहेर चावडीवर, बाजारात, टवाळ पोरांच्या घोळक्यात ती कधी गेलीच नाही, मग तिच्यात तसला शब्द येणार कुठून? टवाळी सगळी तमिळमध्ये. शिव्याही तमिळमध्ये. प्रेमाचं एखादं वाक्य म्हणावंसं वाटलं असेल तर ते कोणत्या भाषेत म्हणायचं, हे त्यांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर देवनागरीत 'सरोजा' एवढं लिहिलं, पुढं काही सुचेना, आणि कुणी पाहील म्हणून तो कागद चुरगळून खिशात घातला. त्यांना स्वतःची लाज वाटली.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांची बायको कमलाक्षी माडीवरच्या खोलीत आली होती. एकोणीस वर्षांची, म्हणजे त्या काळच्या मानानं घोडनवरीच. तिचं पहिलं वाक्य त्यांना अजून जसंच्या तसं ऐकू येई. "मी अक्कांजवळ निजायला जाऊ का?" ती विचारत नव्हती, विनवत होती. ते स्वतः चोवीस वर्षांचे, कॉलेजातल्या मित्रांच्या तमिळ चावटपणापलीकडे काही ज्ञान नाही, आणि तो चावटपणा या थरथरणाऱ्या, हळदीचा वास येणाऱ्या मुलीपुढं मनात आणणंसुद्धा पाप वाटत होतं. ते काहीच बोलले नाहीत. न बोलता जे व्हायचं ते झालं. तिनं डोळे मिटले आणि पलंगाची कड इतकी घट्ट धरली की सकाळी तिच्या तळहातावर वळ होते. ती भात वाढताना ते वळ त्यांनी पाहिले आणि नजर फिरवली. सात वर्षं तिनं डोळे मिटले. सात वर्षांत चार बाळंतपणं, त्यातली एक सरोजा राहिली, आणि चौथ्याला कमलाक्षी गेली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी हिशेब असा काही केला नाही, पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती, की या बाईशी आपण कधी बोललोच नाही. कुटुंबनियोजनाची जागा निघाली तेव्हा चांगली महसुलातली कारकुनी सोडून हा बाबा तिकडं का गेला, हे कुणालाच उमगलं नव्हतं.

सरोजाचं तसं होता कामा नये. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. जावई वेंकटराव भला मुलगा होता, पापनाशमच्या शाळेत गणित शिकवत होता, पण तो भला होता म्हणून काय झालं? हनुमंतरावही भलेच होते.

पोरीला हे सांगणं बायकांचं काम, त्यांनी ठरवलं. दुपारी ते मुद्दाम लवकर घरी आले, सरोजा वीणेच्या क्लासला गेली होती, अक्का ओसरीवर सांडगे वाळत घालत होती. पांढऱ्या लुगड्याचा पदर मुंडण केलेल्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, हात सराईत. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि सांडग्यांकडे पाहत म्हणाले, "अक्का, सरोजाला जरा... लग्नाआधी जे सांगायचं असतं ते तू सांग." अक्काचा हात थांबला. "मी?" ती म्हणाली. "मग कोण? तू तिला वाढवलीस." "मला काय ठाऊक रे," अक्का म्हणाली आणि पुन्हा सांडगे घालू लागली. हनुमंतरावांना राग आला. हे बायकांचं सोवळं! जगभर पोरी घाबरून मरतात आणि यांना तोंडातून शब्द काढायला नको. "एवढं काय अवघड आहे त्यात?" ते जवळजवळ ओरडलेच. अक्कानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते तणतणत बाहेर पडले, आणि गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्यांचे पाय जागच्या जागी थबकले. अक्काचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. अकराव्या वर्षी कुंभकोणमहून तार आली, नवरा गेल्याची. ती सासरी कधी गेलीच नव्हती. नवऱ्याला तिनं लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं तेवढंच. मला काय ठाऊक, असं ती म्हणाली ते सोवळ्यापायी नव्हे, ते तंतोतंत खरं होतं. अरे देवा, असं ते भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाले. घरी जाऊन तिची क्षमा मागावी असं वाटलं, पण क्षमा मागायची म्हणजे पुन्हा तोच विषय काढायचा. ते गेले नाहीत. ही वाट बंद झाली, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं आणि पुढच्या वाटेचा विचार करू लागले.

पुढची वाट त्यांना दाखवली मिस होल्मनं, तिला न कळत. गेल्या वर्षी मद्रासला खात्याचं तीन आठवड्यांचं शिबिर झालं होतं, तिथं स्वीडनहून आलेली ही बाई शिकवायला होती. पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली, पायांत पुरुषांसारख्या जाड चपला. ती म्हणाली होती, आमच्याकडे हे सगळं टेलिव्हिजनवर दाखवतात. टेलिव्हिजन शिबिरातल्या एकाही प्रचारकानं पाहिलेला नव्हता. दिल्लीला आहे म्हणे एवढीच ऐकीव माहिती. मग तिनं समजावून सांगितलं, की माजघरात एक पेटी असते, संध्याकाळी सगळं घर तिच्यापुढं बसतं, आणि पेटीतले नवरा-बायको बिछान्यात असतात, बोलतात, एकमेकांना जवळ घेतात. डॉक्टर येऊन चित्रं काढून दाखवतो. "आणि घरातले मोठे?" हनुमंतरावांनी विचारलं होतं. बाई हसली. तिचे वडील पाद्री होते. पहिल्या वेळी ते उठून थंडीत बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, वर्तमानपत्र उलटं धरलंय तुम्ही, आणि आवाज जरा मोठा करा, मला ऐकू येत नाही. सगळा वर्ग हसला. शिबिरात एक अमेरिकन डॉक्टर होता तो मात्र मान हलवत म्हणाला, आमच्याकडे चालायचं नाही बुवा. आमच्या पेटीतल्या नवरा-बायकोला मुलं होतात, पण खाटा दोन, आणि मधे दिव्याचं मेज. बाईला दिवस गेलेत हे शब्दसुद्धा कित्येक वर्षं उच्चारू देत नव्हते. हनुमंतराव हसले नव्हते. ते मनातल्या मनात ती पेटी आपल्या माजघरात ठेवून पाहत होते. इकडं अक्का, इकडं सरोजा, मधे कॉफी. पेटीतली माणसं काय बोलतील? तमिळ बोलतील. म्हणजे त्यांच्या घरात ती पेटीसुद्धा परक्याच भाषेत बोलेल, आणि ती बोलायची थांबली की ही तिघं म्हणतील, ताक वाढू का. त्या रात्री हॉस्टेलच्या खाटेवर त्यांना इतकं एकटं वाटलं होतं की कमलाक्षी गेल्यानंतरही तसं वाटलं नसेल. प्रत्येक देश कुठंतरी हात आडवा धरतो, आता त्यांच्या मनात आलं. कुणी लवकर धरतो, कुणी उशिरा, आणि आपल्याकडे तर हात धरणारा नटराज आहे.

कारण शिबिर संपताना मिस होल्मनंच खात्याला एक फिल्म दिली होती. आकृत्या, बाळाची वाढ, सगळं नीट. पण मध्यावर एक तुकडा असा होता की ते परदेशी नवरा-बायको खोलीत येतात, तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो, तिचं चुंबन घेतो, दोघं पलंगावर बसून बोलतात आणि हसतात. बस, एवढंच, अर्ध्या मिनिटाचं. पण पहिल्याच खेळाला गावातले म्हातारे चवताळून उठले होते. फिल्म कापायची तर परवानगी दिल्लीहून. तेव्हा नटराजनं आपला तोडगा काढला. तो तुकडा आला की तळहात भिंगापुढं धरायचा. पडदा काळा होई, कडेनं बोटांमधून थोडा लाल उजेड झिरपे, आणि तेवढ्या वेळात हनुमंतराव तमिळमध्ये म्हणत, नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलून निर्णय घ्यावा. मग "आता पाहा, ताय्मार्गळे" म्हटलं की नटराज हात काढी. ही त्यांची ठरलेली खूण. शंभर खेळ झाले, एकदाही चूक नाही.

तर हनुमंतरावांच्या मनात आलं, सरोजाला खेळालाच बसवावं. बापाच्या तोंडून नको, माईकच्या तोंडून ऐकू दे. दोनशे बायकांत एक. तंजावरात शक्य नव्हतं, गल्लीतल्या चार ओळखीच्या भेटणारच. पण पुढच्या गुरुवारी ओरत्तनाडुला दुपारी खेळ होता, आणि ओरत्तनाडुला अक्काच्या चुलत दिराकडे पत्रिका द्यायचीच होती. ते जेवताना म्हणाले, "पत्रिका तुम्ही दोघी देऊन या. मग तीन वाजता शाळेच्या हॉलवर या, परतताना व्हॅनमधून येऊ." सरोजा म्हणाली, "तुमचं भाषण ऐकू का हो अप्पा? मी कधी ऐकलं नाही." "ऐक की," ते म्हणाले, आणि पानातला भात कालवत राहिले. अक्कानं ताक वाढलं. सांडग्यांच्या दुपारपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

गुरुवारी ऊन करकरीत होतं. छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, इमारतीपलीकडच्या त्या शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना नटराजनं गोणपाट लावलं, तरी फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत येत होत्या. जनरेटर बाहेर व्हरांड्याशी धडधडत होता. बायका आल्या, लेकरं आली, घामाचा आणि जास्वंदीच्या तेलाचा वास भरला. हनुमंतरावांनी दाराकडे पाहिलं. सरोजा आली, परकरावर निळी दावणी ओढणीसारखी घेतलेली, केसांत मोगरा, आणि मागं अक्का, हातात तिचा सोवळ्याचा पाण्याचा तांब्या. दोघी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या. सरोजानं त्यांच्याकडे बघून हसून मान हलवली. त्यांनी माईक हातात घेतला आणि त्यांचं तोंड आपोआप सुरू झालं, सहा वर्षांची सवय. ताय्मार्गळे, नमस्कार. लहान मुलांना मांडीवर घ्या. पडद्यापुढून कुणी जाऊ नका. लग्न न झालेल्या मुलींनी बाहेर व्हरांड्यात बसावं. पान खाऊन भिंतीवर थुंकू नका. प्यायचं पाणी दाराशी ठेवलं आहे. आता दिवे बंद. नटराजनं दाराचा पडदाही सोडला, अंधार झाला, थोडी हालचाल, पैंजणं, एक लेकरू रडलं आणि गप्प बसलं. प्रोजेक्टरची टिकटिक सुरू झाली.

पंधरा मिनिटं ते बोलले. त्यांचा आवाज त्यांनाच दुरून ऐकू येत होता, स्वच्छ, ठाशीव, सरकारी. आकृतीतल्या बाईला तोंड नव्हतं. हे ऐकून सरोजाला काय कळणार? तिला कळेल की पोटात अमुक पिशवी असते. पलंगाची कड धरून ठेवण्याबद्दल त्या आकृतीत काही नव्हतं. ते माडीवरच्या खोलीतलं एक अक्षरही या तमिळमध्ये नव्हतं, कारण ते तमिळमध्ये घडलंच नव्हतं. मग तो तुकडा आला, नवरा-बायको दारातून आत येताना दिसली, आणि नटराजचा हात भिंगापुढं गेला. पडदा काळा. पुढच्या रांगेतल्या बायका दरवेळेसारख्या फिसकन हसल्या आणि मग वाट पाहत राहिल्या. हनुमंतरावांनी तोंड उघडलं, नवरा-बायकोनं बोलून निर्णय घ्यावा असं म्हणायला, आणि त्यांच्या लक्षात आलं की या अंधारात, या दोनशे माणसांत, त्यांची घरची भाषा फक्त शेवटच्या रांगेला कळते.

"सरोजा," ते मराठीत म्हणाले. माईकमधून तो शब्द केवढा तरी मोठा झाला. "मी अप्पा बोलतो. मान खाली घातलीस तरी चालेल, पण ऐक. पापनाशमला तुझी चटई सासूबाईंजवळ नसेल. वेंकटरावांजवळ असेल. ते तुझ्या जवळ येतील. भिऊ नकोस. ती शिक्षा नव्हे, आणि ते काही घाणही नव्हे. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल, तेही घाबरलेले असतील. पुरुष घाबरला की घाई करतो. तू त्यांना थांबा म्हण. आपल्या भाषेत म्हण, त्यांना कळते. दुखलं तर दुखतं म्हण. एखाद्या दिवशी नको वाटलं तर नको म्हण, कुणी रागावणार नाही, रागावले तर मला पत्र लिही." बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, तेलुगु आहे. कुणी म्हणालं, इंग्लिश असेल. नटराजला त्याची खूण मिळाली नव्हती, त्यामुळे तुकडा संपून गेला तरी त्याचा हात भिंगापुढंच होता, आणि पडदा काळाच राहिला. "तुझी आई डोळे मिटून घ्यायची," हनुमंतराव म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज सरकारी राहिला नव्हता. "मला वाटे, बायकांनी असंच करायचं असतं. मी तिला विचारलं नाही, पोरी. सात वर्षं विचारलं नाही. एकदाच, तू पाच वर्षांची होतीस, आषाढातली दुपार, तू आत्याबरोबर देवळात गेली होतीस. तेव्हा तिनं डोळे उघडे ठेवले आणि ती हसली. मोठ्यानं हसली. तेव्हा मला कळलं की हे दोघांचं असतं. फार उशिरा कळलं. पुढच्या वर्षी ती गेलीच. तुझं तसं होऊ नये. एवढंच." ते थांबले. जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येत होती. मग त्यांनी घसा खाकरला आणि तमिळमध्ये म्हटलं, "आता पाहा, ताय्मार्गळे," आणि नटराजचा हात बाजूला झाला. पडद्यावर बाळ अंगठा चोखत होतं. बायका चुकचुकल्या.

उरलेली फिल्म कशी संपली ते त्यांना कळलं नाही. अंग हलकं झालं होतं, आणि डोळ्यांना पाणी येत होतं ते पुसायचीही त्यांना लाज वाटत नव्हती. गोणपाटं निघाली. ऊन आत आलं. बायका चटया झटकत, लेकरं काखेत मारत दाराकडे निघाल्या आणि व्हॅनमधून आलेल्या नर्सबाईंभोवती गोळा झाल्या. हनुमंतरावांनी धीर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. भिंतीला टेकून अक्का बसली होती. एकटी. तांब्या मांडीत धरलेला, पदर कपाळावरून मागं सरकलेला, आणि तो ओढून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. ते जवळ गेले.

"सरोजा कुठाय?"

"बाहेर. व्हरांड्यात," अक्का म्हणाली. "लग्न न झालेल्यांनी बाहेर जा म्हणालास. उठली पोर. शहाणी आहे."

हनुमंतराव मटकन खाली बसले. स्वतःच्या तोंडानं बोललेलं वाक्य! शंभर वेळा बोललेलं, त्यामुळे कानाला ऐकूच न आलेलं. ज्या एका जिवासाठी हा सगळा घाट घातला त्यालाच त्यांनी स्वतः माईकवरून बाहेर घालवलं होतं, आणि मग अंधारात एका मोकळ्या भिंतीशी बोलत राहिले होते. मोकळ्या तरी कुठं? त्यांचे कान तापले. ते सगळं अक्कानं ऐकलं होतं. आई गेल्यावर ज्या बहिणीनं त्यांना भरवलं, जिच्यासमोर त्यांनी कधी बायकोचं नावही घेतलं नाही, तिनं.

"तू पण उठायचंस ना तिच्याबरोबर," ते कसेबसे म्हणाले.

"मी का उठू?" अक्का म्हणाली. "माझं लग्न झालेलं आहे की रे."

ती हे सरळ म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. हनुमंतरावांना वर बघवेना. चाळीस वर्षं ही बाई एका घरात त्यांच्या शेजारी वावरली. त्यांनी तिला पोरीला वाढवणारी म्हणून पाहिलं, सांडगे घालणारी म्हणून पाहिलं, आणि परवा बंद झालेली वाट म्हणून पाहिलं. हिलाही कधी काही जाणून घ्यावंसं वाटलं असेल, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दहा हजार बायकांना सांगत फिरले आणि घरातल्या या एकीला कधी विचारलं नाही. त्यांना आपली शरम वाटली, आणि त्याहूनही अधिक, तिच्याबद्दल माया वाटली.

"हनुमंता," अक्का म्हणाली. "कमला का हसली रे?"

त्यांनी मान वर केली. अक्का थेट त्यांच्याकडे पाहत होती. बावन्न वर्षांचा चेहरा, आणि डोळ्यांत परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी उत्सुकता.

"मी चष्मा काढायला विसरलो होतो," ते म्हणाले. "तो धुरकटला. मला काही दिसेना. तिनं तो काढून स्वतःच्या नाकावर चढवला."

अक्काच्या ओठांचे कोपरे हलले. मग तिच्या तोंडातून एक बारीकसा आवाज आला, तो तिनं पदरानं दाबला, पण तो पदरामागून पुन्हा आला, आणि ती हसू लागली. खांदे गदगदत होते. तांब्यातलं पाणी लुगड्यावर सांडलं. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले तरी ती थांबली नाही. दाराशी उभा असलेला नटराज आत डोकावला आणि पाय न वाजवता परत गेला.

"त्यात हसायचंही असतं," डोळे पुसत अक्का म्हणाली. "हे मला कोणी बोललंच नाही रे. मला वाटायचं, सुटले मी. सगळ्या तसंच सांगायच्या, सुटलीस बाई." तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला. मग तिनं पदर नीट केला, तांब्या बाजूला ठेवला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सरोजे! ये इकडे. इथं माझ्याजवळ बस."

सरोजा आली. हातात कुणीतरी दिलेला चकलीसारखा मुरुक्कु होता. ती आत्याच्या ओल्या डोळ्यांकडे आणि बापाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं पाहू लागली. "काय झालं हो अप्पा?"

हनुमंतरावांनी तोंड उघडलं.

"तू बाहेर जा," अक्का त्यांना म्हणाली. "आणि दार ओढून घे. आम्हा दोघींना बोलायचं आहे."